न ठरवता जेवायला

हेमू, तू नुसतं ऐक. मधे बोलू नकोस. विडी विझली तर विझू दे. आणि तुम्ही दोघं पण इकडे सरका, मला ओरडून सांगायला लावू नका, खाली मालक झोपलाय.

महिनाभर टोमणे मारताय ना मला, की खानावळीत दिसत नाहीस, उपास धरलास का, कुठे सोयरीक जमली का. सोयरीक नाही रे. जेवण जमलंय. आणि कुठे, तर दादरला. हसा. मीही हसलो असतो. दादरला काय आहे, नारळ, ताड, भाताची खाचरं आणि बेडूक. गिरगावात राहणारा माणूस दादरला जातो तो मेलेल्या आत्याच्या बाराव्याला.

तर आमच्या साहेबाचा एक शेट आहे, त्याला दादर आणि प्रभादेवीच्या मधली जमीन घ्यायचीय. त्याची मोजणी चाललीय आणि कागद सांभाळायला मला तिकडे पाठवलंय. मोजणीमास्तर म्हणजे जयवंतराव. तो माणूस तू पाहायला हवास. मिशी अशी, छत्री काळी, आणि बोलणं सगळं छत्रीच्या टोकाने. सहाला निघायचं म्हणजे आपल्या खानावळीत चूलही पेटलेली नसते. मी चहा ढोसून निघायचो. पहिल्या दिवशी दुपार झाली आणि पोटात असं काही ओरडायला लागलं की साखळी धरणारा गडी माझ्याकडे बघायला लागला. जयवंतरावांचा डबा माहीमहून घरून येतो. ते झाडाखाली पाठ करून बसले. पाठ करून, म्हणजे मी बघूसुद्धा नये.

मग मी गेलो टेसनाकडे. हमालाला विचारलं, बाबा रे, इथे जेवायला कुठे मिळतं? तो म्हणाला, घरी.

घरी. एवढंच बोलला आणि डोक्याखाली पागोटं घेऊन आडवा झाला. तिथे एक फुटाणेवाला होता, त्याचे फुटाणे आदल्या साली भाजलेले. एक ताडीचं दुकान होतं, तिथे मी पाय ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत ती बातमी ठाकूरद्वारला माझ्या मामाकडे पोचली असती. परळला गिरण्यांच्या बाजूला खानावळी आहेत म्हणे, पण तिथे जाऊन जेवून परत यायचं तर सुट्टी संपून वर माझी नोकरीही संपली असती. म्हणून फुटाणे खात खात प्रभादेवीच्या बाजूने परत येत होतो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. आणि एका वाडीच्या फाटकाशी एक म्हातारा उभा. गोरा, वाळका, सोवळं नेसलेला, कपाळाला गंध. मला बघून त्याचा चेहरा असा फुलला की मी मागे वळून बघितलं, माझ्यामागून कोणी जावईबिवई येतोय का.

तो हात जोडून म्हणाला, "भुकेले आहात का?"

मी तोंडातला फुटाणा गिळला आणि म्हणालो, "हो."

"ठरवून आलात का इकडे?"

"नाही हो, रस्ता चुकून."

"मग आत या."

आता मला सांग, मी काय समजणार? मी समजलो, ही खानावळ. आत गेलो. ओटी शेणाने सारवलेली, पाट मांडलेला, केळीचं पान, बाजूला रांगोळीची रेघ. म्हातारीने वाढलं. फणसाची भाजी, कैरीचं सार, भात, त्यावर तूप, तूप म्हणजे चमचा नाही, पळी. आणि ओल्या काजूंची उसळ. मी जेवत होतो आणि दोघं समोर बसून बघत होती. स्वतः जेवत नव्हती. मला वाटलं, खानावळीची रीत असेल. जेवून हात धुतला आणि कनवटीला हात घालून विचारलं, "किती झाले?"

म्हातारा असा दचकला की जणू मी त्याच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मागितला. म्हातारी मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग कळलं की ते घर आहे, खानावळ नाही. नाव चिंतामणराव, तिचं आनंदीबाई. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला गेलो तर चिंतामणरावांनी हात वर केला. अतिथीला नावगोत्र विचारू नये, असं शास्त्र आहे. आधी विचारलं तर जेवण पोचत नाही म्हणे.

खरी गंमत पुढेच आहे. चिंतामणराव आपल्या गिरगावचेच. सरकारी कचेरीत होते, हेडक्लार्क. पेन्शनीत निघाले त्या दिवशी देवासमोर हातावर पाणी सोडून म्हणाले की आजपासून अतिथी जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही. आता हेमू, गिरगावात ह्याला काय लागतं? दारात उभं राहिलं की माणूस मिळतो. आनंदीबाई सांगत होत्या, कधी कधी दोघे यायचे आणि आधी कोण आला म्हणून दारातच भांडायचे. पण मग म्हाताऱ्याला खोकला लागला, डॉक्टर म्हणाला गल्लीतली हवा सोडा, म्हणून वडिलांच्या वाडीवर, प्रभादेवीला आले. हवा चांगली मिळाली, नारळ मिळाले. नवसही बरोबर आला. पण दुपारी बाराला प्रभादेवीच्या त्या गल्लीतून जातं कोण? वासरू.

मी दोन दिवसांनी त्याच वाटेने परत येत होतो. खरंच सांगतो, जेवणासाठी नाही, त्या बाजूला शेताच्या एका कोपऱ्याचा दगड शोधायचा होता. म्हातारा फाटकात. "ठरवून आलात का?" "नाही." "आत या." त्या दिवशी अळूचं फदफदं आणि नारळीभात. मी असा जेवलो की उठताना पाटाला धरून उठलो.

तिसऱ्या वेळी मात्र हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तेव्हा आनंदीबाई पाणी घालता घालता हळूच बोलायला लागल्या. म्हणाल्या, "परवा कोणी आलं नाही. दोन वाजेपर्यंत हे उन्हात उभे. तिथेच फाटकाला टेकून खाली बसले, डोळे पांढरे. शेजारच्या वाडीतल्या माळ्याने उचलून आणले. वैद्य म्हणतो, ह्या वयात बाराच्या आत पोटात काही गेलं नाही तर पुन्हा असं होईल, आणि पुढच्या वेळी उचलून आणण्याचा उपयोग असेलच असं नाही."

मी म्हटलं, "काकू, त्यांना सांगत का नाही?"

"सांगून झालं. शास्त्रात म्हटलंय, अतिथीची वाट गाय दोहायला लागतो तेवढा वेळ बघावी. तेवढ्यात कोणी आलं नाही तर जेवावं. ह्यांची गाय संध्याकाळपर्यंत दूध देते."

मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याही रोज तेवढाच वेळ उपाशी असतात.

मी म्हटलं, "मग मी रोज येतो ना. मला इथे महिनाभर काम आहे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "येतो म्हणून सांगून आलात तर पाहुणे झालात. पाहुण्याने ह्यांचा नेम सुटत नाही. अतिथी म्हणजे ज्याला तिथी नाही. ज्याचं येणं ठरलेलं नाही तो. मी तुम्हाला बोलावलं तर माझ्याच हाताने त्यांचा नेम मोडल्यासारखं होईल. म्हणून मी बोलावत नाही." आणि मग तांब्या उचलून, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "नुसतं सांगतेय. गुरुवारी आमच्याकडे वालाचं बिरडं असतं."

काय करणार? गुरुवारी मला बरोबर त्याच वेळी त्या गल्लीतून जावंसं वाटलं. शुक्रवारी काय असतं तेही त्यांनी नुसतं सांगितलं. शनिवारचंही. मी कधी उजव्या हाताने जायचो, कधी डाव्या. एकदा तर वाडीच्या मागून समुद्राकडून वाळूतून फिरून आलो, म्हणजे म्हाताऱ्याला वाटावं की हा माणूस नवीनच वाटेने चुकतो. एकदा मी फाटकापुढून सरळ निघून गेलो, दहा पावलं पुढे, तेव्हा त्यांनीच हाक मारली. काय आनंद झाला त्यांना. म्हणाले, "तुम्हाला रस्ता सापडत नाही हे आमचं भाग्य." आणि मला नेहमी अहो-जाहो. माझ्याहून तिप्पट वयाचा माणूस मला "आपण भात घ्या" म्हणायचा. आपल्या खानावळीतली बाई मला काय म्हणते ते तुला ठाऊक आहे.

आणि म्हातारा सुधारला रे. बाराच्या आत जेवायला लागला. गालावर जरा मांस आलं. आनंदीबाई एकदा वाढता वाढता गुणगुणत होत्या. मी जयवंतरावांना सांगायचो, पोटाचा विकार आहे, मला दुपारी चालायला सांगितलंय. ते छत्रीचं टोक माझ्या पोटावर टेकवून म्हणाले, विकार वाढतोय.

मग कालचा गुरुवार आला.

काल मी जरा उशिराच पोचलो. कागदांची एक गडबड झाली होती. म्हातारा फाटकात, घामाघूम. "ठरवून आलात का?" हे विचारायचंही राहिलं त्यांच्याकडून, इतके थकले होते. सरळ आत घेऊन गेले. मी पाटावर बसलो, पान मांडलं, आनंदीबाई आतून पळी घेऊन येत होत्या, आणि मी, हेमू, मी गाढव, पोटात कावळे ओरडत होते म्हणून, अगदी घरच्यासारखा म्हणालो, "काकू, बिरड्याला आज चिंच घातलीत का आमसूल?"

पातेलं आत. झाकलेलं. अजून पानात मीठसुद्धा पडलेलं नव्हतं.

चिंतामणराव माझ्या पानाभोवती पाणी फिरवत होते. त्यांचा हात थांबला.

"बिरडं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

वास आला. दोन शब्द बोलायचे होते. वास आला असं म्हटलं असतं तर झालं असतं. बिरड्याचा वास तर येतोच. मी तोंड उघडलंही. आनंदीबाई दारात उभ्या, पळी हातात, आणि माझ्याकडे अशा बघत होत्या की ते दोन शब्द त्यांच्याच तोंडात होते. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम, ओठ सुकलेले. साडेबारा होऊन गेले होते. माझ्यानंतर त्या गल्लीत कोण येणार?

आणि मग त्यांनी विचारलं, "आज ठरवून आलात का?"

मला नाही जमलं रे. रोज "नाही" म्हणत होतो तेव्हा काही वाटत नव्हतं, कारण त्यांनी विचारायचं आणि मी नाही म्हणायचं, तो जणू राम राम होता. पण काल त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "हो. कोणी बोलावलं नाही. पण मला ठाऊक होतं, म्हणून आलो."

"कोणी सांगितलं?"

आनंदीबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी. पण बोलावलं नाही. सांगितलं."

"ह्यात फरक काय?"

"तुम्ही इतकी वर्षं कचेरीत होता. हुकूम आणि सूचना ह्यात जो असतो तो."

म्हाताऱ्याने तांब्या ठेवला, काठी घेतली आणि पुन्हा फाटकाकडे निघाला. त्या उन्हात. आनंदीबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या मला शिव्या देतील. बरं झालं असतं. मी पाटावरून उठलो आणि म्हाताऱ्याच्या मागे गेलो, ते पडले तर धरायला कोणी तरी हवं म्हणून.

फाटकात आम्ही दोघं. रस्ता रिकामा. एक ताडीची गाडी गेली, गाडीवान झोपलेला, बैलच घरी घेऊन चालले होते. चिंतामणरावांनी एकदा हाक मारायला हात उचलला आणि परत खाली केला. झोपलेल्याला भुकेला आहेस का विचारायचं कसं?

मग ते म्हणाले, "ठरवून येतो तो पाहुणा. ठरवल्यावाचून येतो तो अतिथी. हे मला ठाऊक आहे. पण जो रोज येतो त्याला काय म्हणायचं, ते काही आठवत नाही."

मागून आनंदीबाई ओटीवरून म्हणाल्या, "घरचा म्हणतात त्याला. आणखी काय म्हणणार?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, जणू महिनाभरात पहिल्यांदाच बघतोय. आणि म्हणाला, "नाव काय रे तुझं?"

रे. ऐकलंस ना, रे. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं. मामा त्यांच्या ओळखीचा निघाला. मग म्हणाले, "हे बघ, तुला पाहुणा व्हायचं तर पान मांडलेलं आहे. जा, पोटभर जेव, आमचा राग नाही, पाहुण्याला वाढायला आम्हाला आवडतं. घरचा व्हायचं तर घरच्यांनी अतिथीच्या आधी जेवायचं नसतं. माझ्याबरोबर इथे उभा राहा."

आता बिरडं आत. वास तर आता खरंच येत होता, फोडणीचा, खोबऱ्याचा. सकाळपासून पोटात एक चहा. आणि तो म्हातारा काठीवर टेकलेला. मी त्यांच्या हातातली काठी घेऊन फाटकाला लावली, माझा खांदा पुढे केला आणि म्हटलं, "काका, ह्याला धरा."

असे उभे होतो. किती वेळ ते विचारू नकोस. आनंदीबाईंनी दोनदा पाणी आणून दिलं. म्हाताऱ्याने नुसतं तोंड ओलं केलं. त्याचा खांद्यावरचा हात जड जड होत चालला होता, आणि मी मनात म्हणत होतो, झालं, ह्याला आज काही झालं तर ते माझ्या खरं बोलण्यामुळे.

आणि वळणावरून काळी छत्री आली.

जयवंतराव. धोतराचा सोगा हातात, तोंड लाल. कागदांच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला राहिली होती. सगळं काम बंद पडलेलं. लांबूनच ओरडायला लागले. "कारकून महाशय, विकार बरा झाला का? गडी बसलेत, साखळी पडलीय, माझ्या डब्याला मुंग्या लागल्यात, सकाळपासून पोटात अन्न नाही, आणि तुम्ही इथे फाटकाची काय राखण करताय?"

मला पुढचं ऐकूच आलं नाही. सकाळपासून पोटात अन्न नाही. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याच्या कानात तेवढंच शिरलं होतं. तो सरळ झाला, माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि जयवंतरावांसमोर हात जोडून उभा राहिला.

"भुकेले आहात का?"

जयवंतराव म्हणाले, "म्हणजे काय? तेच सांगतोय ना."

"ठरवून आलात का इकडे?"

"ठरवून? ह्या गल्लीत? मला काय वेड लागलंय?"

"मग आत या," चिंतामणराव म्हणाले.

मला त्या माणसाचा चेहरा तुम्हाला करून दाखवता आला असता तर. छत्री उघडीच घेऊन ओटीवर चढले. माझ्या पाटावर त्यांना बसवलं. म्हाताऱ्याने पाणी फिरवलं, मी वाढलं. हो, मी. घरचा ना. भात मी वाढला, तूप मी वाढलं, आणि मोजणीमास्तरांच्या पानात बिरड्याची पळी मी रिकामी केली. पहिल्या घासाला ते माझ्यावर चिडलेले होते. दुसऱ्याला जरा कमी. मग कैरीचं सार पिऊन त्यांनी मिशी पुसली आणि विचारलं, "बिरड्याला आमसूल का?"

आनंदीबाई म्हणाल्या, "चिंच."

ते उठले, मग आम्ही तिघं एका ओळीत बसलो. आनंदीबाई तेवढा वेळ थांबायला तयार नव्हत्या की आम्ही जेवून मग त्यांनी जेवावं. म्हणाल्या, आज मी आपलं पान बरोबरच घेते. चिंतामणरावांनी दोन वेळा भात मागून घेतला. जयवंतराव झोपाळ्यावर बसून पान चावत होते. ते म्हणाले, "काका, तुमचं काम सोपं आहे. माझ्याकडे मोजणीचे इतके गडी आहेत. एकेक जण एकेका दिवशी वाट चुकेल. मी कोणाला पाठवणार नाही, हां. माझे गडी असेही चुकतात. आणि पावसाळ्यानंतर इथून रस्ता काढायचाय शेटला. चाळी बांधायच्यात. मग तुमच्या फाटकापुढून दुपारी शंभर माणसं जातील."

म्हाताऱ्याचे डोळे असे लखलखले. आनंदीबाईंनी हातातला घास पानात ठेवला. म्हणाल्या, "शंभर?"

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं. तुम्हाला अडचणीत टाकलं." त्या म्हणाल्या, "खोटं बोलला असतास तर मला चाललं असतं. नेम त्यांचा, मला नुसता माणूस हवा होता." आणि फाटकापाशी म्हातारा माझा हात धरून म्हणाला, "बरं झालं, वास आला म्हणाला नाहीस. महिनाभर वाट बघत होतो, ठरवून आलो असं कधी म्हणतोस म्हणून. वास आला म्हटलं असतंस तर तुला कधी नाव विचारलं नसतं."

म्हणजे बघ, त्यांना सगळं कळत होतं का, कधीपासून कळत होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी चांगला जेवलो, माझी नोकरी राहिली, उद्या पुन्हा मी फाटकात त्यांच्याबरोबर उभा असणार, सगळं नीट झालं. पण जयवंतरावांच्या डब्याला मुंग्या लागल्या म्हणून नीट झालं. त्या लागल्या नसत्या तर? ती तिथे उभी, पळी हातात. तो समोर, ओठ सुकलेले. तुझ्या तोंडावर दोन शब्द आलेले. हेमू, खरं सांग, तू काय केलं असतंस?